उत्तरेची कड

आम्हां उभयतांची तीसएक वर्षे इंदुरात प्राणिशास्त्र शिकविण्यात गेली. बेडकाचे विच्छेदन, झुरळाचे मुखावयव, गांडुळाची वलये यांत विद्यार्थी रमत. पण वर्गीकरणाचा तास आला की जांभया सुरू होत. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मुले पाठ करीत आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून जात. नाव बदलल्याने प्राण्याला काय फरक पडतो, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारीच. आम्ही दोघेही काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेत असू. त्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांला निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी, घरापासून हजारो मैलांवर मिळाले. आणि ते दिले एका उंदरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याने.

२०२३ च्या शरद ऋतूत आम्ही लेकीकडे अमेरिकेस गेलो होतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे जुने गाव आहे, त्याच्या जवळ ती राहते. गावाभोवतीची दरी चुनखडीची, त्यामुळे गुहा पुष्कळ; दक्षिणेस साउथ माउंटन ही ओक वृक्षांनी भरलेली डोंगररांग. एके संध्याकाळी गॅरेजमध्ये खुडबुड ऐकू आली. जावई विजेरी घेऊन धावले, आम्ही मागोमाग. उंदीरच होता. जातिवंत सवयीप्रमाणे आमच्यातल्या एकाने विचारले, ‘इकडचा वुडरॅट तर नव्हे?’ लेक हसून म्हणाली, ‘बाबा, वुडरॅट निघाला असता तर आपण पकडायला नव्हे, नमस्कार करायला धावलो असतो. या डोंगरांत तो आता शोधूनही सापडत नाही.’

त्या एका वाक्याने आमचा उरलेला मुक्काम व्यापला. मुले कामावर गेली की आम्ही वाचावयास बसत असू. जे हाती लागले त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. ती प्रथमदर्शनी परकी वाटेल. पण आपल्यासारख्या, मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांना ती अगदीच परकी वाटणार नाही.

हा प्राणी म्हणजे अ‍ॅलेगेनी वुडरॅट. दिसावयास उंदीर, पण आपल्या घरातील उंदीर किंवा परसातील घूस यांच्या कुलाशी त्याचे जवळचे नाते नाही. ते म्युरिडी कुलातले, हा क्रिसेटिडी कुलातला. डोळे मोठे, कान मोठे, मिशा लांब, पोट पांढरेशुभ्र आणि शेपटी खवल्यांची नसून केसाळ, वरून करडी व खालून पांढरी. वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. गावात, शेतात तो येत नाही. कड्यांच्या कपारी, दरडींचे दगड आणि गुहांची तोंडे हे त्याचे घर. एकटा राहतो, रात्री हिंडतो. हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून शरदातच ओकची फळे, पाने, नेचे, अळंबी असा साठा करून ठेवतो. एका वेतास दोन-तीनच पिले. उंदराच्या मानाने हा संसार फारच आटोपशीर म्हणावयाचा.

त्याची आणखी एक खोड आहे. खाण्याच्या वस्तूंखेरीज दिसेल ते उचलून आणण्याची. हाडे, पिसे, काडतुसांच्या नळ्या, बाटल्यांची बुचे, वाळलेली लीद. तोंडात एक वस्तू असता वाटेत दुसरी अधिक आवडली तर पहिली तेथेच टाकून दुसरी उचलतो. म्हणून त्याच्या भाईबंदांना ‘ट्रेड रॅट’, म्हणजे देवघेव करणारा उंदीर, असेही म्हणतात. या प्रजातीचे नाव निओटोमा. थॉमस से आणि जॉर्ज ऑर्ड या दोघांनी ते १८२५ साली दिले. तिच्या वीसहून अधिक जाती कॅनडाच्या वायव्य भागापासून थेट निकाराग्वापर्यंत पसरल्या आहेत. पश्चिमेकडील कोरड्या मुलखात तर त्यांचे साठे मूत्राच्या स्फटिकांत घट्ट होऊन हजारो वर्षे टिकतात. १९६४ साली वेल्स आणि जॉर्गेन्सन यांनी नेवाडातील अशा साठ्यांतील काड्या-पानांवरून तेथील प्राचीन वनराई ओळखून दाखविली, तेव्हापासून शास्त्रज्ञ हे ढीग पोथ्यांसारखे वाचू लागले आहेत.

परंतु आमच्या मनाने घेतले ते साठ्याने नव्हे. अ‍ॅलेगेनीच्या वुडरॅटचे नाव कसे ठरले, पुसले गेले आणि पुन्हा लिहिले गेले, त्या कथेने.

कार्लाइल गावात डिकिन्सन नावाचे जुने महाविद्यालय आहे. स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड हा निसर्गशास्त्रज्ञ तेथेच शिकला आणि १८४० च्या दशकात तेथेच शिकवू लागला. पुढे तो वॉशिंग्टनला स्मिथ्सोनियन संस्थेत गेला आणि १८७८ मध्ये तिचा प्रमुख झाला. कार्लाइलजवळच्या एका गुहेतून निघालेल्या जुन्या हाडांवरून त्याने एका मोठ्या वुडरॅटचे वर्णन १८५७ मध्ये केले आणि त्यास नाव दिले निओटोमा मॅजिस्टर. मॅजिस्टर म्हणजे लॅटिनमध्ये स्वामी, किंवा गुरुजी. एका मास्तराने हाडांना ‘मास्तर’ हे नाव द्यावे, याचे आम्हां दोघां मास्तरांना भारीच कौतुक वाटले. बेअर्डपुढे होती ती केवळ हाडे. प्राण्याचा जन्मदाखला निघाला तो जणू मृत्यूच्या दाखल्यासह.

छत्तीस वर्षांनी, १८९३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या विटमर स्टोनने त्याच जिल्ह्यातील साउथ माउंटनवर पकडलेल्या जित्याजागत्या वुडरॅटचे वर्णन केले आणि ही नवी जाती समजून तिला निओटोमा पेनसिल्व्हेनिका म्हटले. गुहेतील हाडे आणि डोंगरावरचा जिवंत प्राणी यांच्यामध्ये काही मैलांचे अंतर होते. दोघे एकच आहेत हे पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले आणि नियमाप्रमाणे आधीचे नाव कायम झाले. जो मेला असे समजून नाव दिले होते, तो मुळी मेलाच नव्हता.

येथवरची गोष्ट आनंदाची. पुढचे वळण आले १९५७ मध्ये. अल्बर्ट श्वार्ट्‌झ आणि युजीन ओडम या दोघांनी पूर्व अमेरिकेतील वुडरॅटचा एकत्र आढावा घेतला. ओडम हे नाव वाचताच आम्ही थबकलो. ज्यांनी आपल्याकडे प्राणिशास्त्राची पदवी घेतली आहे, त्यांनी ओडमचे परिस्थितिविज्ञानाचे जाडजूड पुस्तक हाताळलेले असतेच. आमच्या घरी त्याची एकच प्रत होती आणि लग्नानंतर ती कोणाच्या टेबलावर राहावी यावरून पहिले भांडण झाले होते. तर त्या ओडमने व श्वार्ट्‌झने असा निर्णय दिला की, अ‍ॅलेगेनीचा वुडरॅट ही वेगळी जाती नव्हे. ती फ्लोरिडाच्या वुडरॅटची, म्हणजे निओटोमा फ्लोरिडाना या जातीची एक पोटजात आहे.

या निर्णयात द्वेष नव्हता, आळसही नव्हता. कवट्या मापून, रंग ताडून काढलेला तो त्या काळचा प्रामाणिक निष्कर्ष होता. पण त्याचा परिणाम नकाशावर कसा होतो तो पाहावा. फ्लोरिडाना ही जाती फार विस्तीर्ण. फ्लोरिडापासून कॅरोलिनापर्यंत आणि पश्चिमेस टेक्सास, कॅन्सस, कोलोरॅडोच्या पूर्व भागापर्यंत तिचा संचार. अ‍ॅलेगेनीचा वुडरॅट तीत मिसळला की तो त्या मोठ्या नकाशाची ईशान्येकडील एक कड होऊन बसतो. न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय कोपऱ्यापासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, इंडियाना, केंटकी यांतून खाली टेनेसी नदीपर्यंत असलेला त्याचा सारा मुलूख म्हणजे मग कोणा दुसऱ्याच्या राज्याचा सीमाप्रांत.

आणि कड म्हटली की ती मागे-पुढे होणारच. एखादा प्राणी आपल्या मुलखाच्या टोकाला विरळ असतो, कधी तेथून नाहीसा होतो. मुख्य मुलखात तो सुखरूप असतो. हेच आम्हीही शिकविले होते.

याच काळात अ‍ॅलेगेनीच्या डोंगरांत मात्र वुडरॅट नाहीसा होत चालला होता. कनेटिकटच्या सीमेवरून गेला. न्यूयॉर्कमधून १९८७ पर्यंत पूर्णपणे गेला. न्यू जर्सीत हडसन नदीकाठच्या पॅलिसेड्स कड्यांवर एकच वसाहत उरली. ओहायोत एका जिल्ह्यात, इंडियानात ओहायो नदीच्या चुनखडी कड्यांवर, असे तुकडे राहिले. पेनसिल्व्हेनियात एकेक कडा ओस पडू लागला.

मग १९९२ मध्ये हेज आणि हॅरिसन यांनी वुडरॅटच्या पेशींतील मायटोकाँड्रियाचे डीएनए तपासले, आणि पुढल्या वर्षी हेज आणि रिचमंड यांनी कवट्यांची मापे पुन्हा घेतली. दोन्ही वाटांनी निष्कर्ष एकच निघाला. अ‍ॅलेगेनीचा वुडरॅट फ्लोरिडाच्या वुडरॅटपासून फार पूर्वीच वेगळा झालेला आहे. मोटामोटीने टेनेसी नदी ही दोहोंमधील सीमा आहे. आणि ती स्वतंत्र जातीच आहे. २००१ मधील एडवर्ड्‌स आणि ब्रॅडली यांच्या रेणवीय अभ्यासानेही त्यास दुजोरा दिला. बेअर्डने दिलेले मॅजिस्टर हे नाव पुन्हा आपल्या जागी बसले.

डोंगरातील प्राण्याला याची वार्ता नव्हती. त्याच्या शेपटीचा एक केसही इकडचा तिकडे झाला नाही. पण कागदावर सारेच पालटले. काल जी मोठ्या नकाशाची झिजणारी कड होती, तोच आज एका जातीचा संपूर्ण मुलूख ठरला. जे नाहीसे होत होते ते टोक नव्हते, सर्वस्व होते. त्याच्या मागे टेक्सासमध्ये किंवा फ्लोरिडात कोणी शिल्लक भाऊबंद उभे नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. नावाने प्राण्याला फरक पडत नाही. नावाने हानीचे माप बदलते. जे वेगळे मोजले जात नाही, त्याचे जाणे एरवीच्या चढउतारात जमा होते.

तो का नाहीसा होत होता, तेही सांगावयास हवे, कारण त्यात एकच एक खलनायक नाही. या डोंगरांतील चेस्टनटची झाडे त्याला भरवशाचे अन्न देत. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात या झाडांवर परदेशातून आलेली बुरशी आढळली आणि पुढील अर्धशतकात अब्जावधी चेस्टनट मेले. मग भिस्त ओकवर आली, तर एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्या ओकचीही पाने फस्त करू लागल्या. रस्ते, शेते, वस्त्या यांनी कडे एकमेकांपासून तुटले, त्यामुळे लहान लहान वसाहती आपसांतच विवाहसंबंध करीत क्षीण झाल्या.

पण सर्वांत मन खिन्न करणारे कारण निराळेच आहे. माणसाच्या आसऱ्याने रॅकून फार वाढले. रॅकूनच्या आतड्यात एक गोल जंत असतो. त्याचा रॅकूनला विशेष त्रास होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात. वुडरॅट आपल्या जन्मजात खोडीप्रमाणे रॅकूनची वाळलेली विष्ठा, तीत न पचलेल्या बिया असतात म्हणून, उचलून आणतो आणि आपल्या कोठारात जपून ठेवतो. त्या अंड्यांतील अळ्या त्याच्या मेंदूत शिरतात आणि तो मरतो. न्यूयॉर्कमध्ये पुढे पुन्हा सोडून पाहिलेले वुडरॅट टिकले नाहीत, आणि मेलेल्यांच्या मेंदूत याच अळ्या आढळल्या. ज्या साठवणीने हजारो वर्षे हिवाळे तारले, तीच साठवण आता घात करते. हे वाचताना आम्हांला आपल्या जुन्या घराण्यांची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. सनदा, पैठण्या, नथी यांच्याबरोबर दोन पिढ्यांपूर्वीचे मंडळातील तंटेही आपण किती निगुतीने जपून ठेवलेले असतात!

आता एक कबुली. तिच्याचसाठी हे सारे लिहावयास बसलो.

फेब्रुवारी २०११ मधील जनगणनेची गोष्ट. सकाळी प्रगणक आले. बहुधा शाळामास्तरच असावेत, दमलेले दिसत होते. त्यांनी हिंदीतून विचारले, आम्ही हिंदीतून सांगत गेलो, ते भरभर लिहीत गेले. मातृभाषेचा रकाना आला तेव्हा त्यांनी विचारलेच नाही. आमची हिंदी ऐकून ‘हिंदी’ लिहून ते पुढे सरकले. आम्ही दोघांनीही ते पाहिले. एकाने दुसऱ्याकडे पाहिले. आत गॅसवर चहा उतू जाण्याच्या बेतात होता, प्रगणकांना पुढची घरे होती, आणि मनात असेही आले की भारतात आठ कोटींवर मराठी भाषक आहेत, त्यांत आमची चार डोकी गेली काय नि राहिली काय. आम्ही काही बोललो नाही. चहा दिला आणि सही केली.

होळकरशाहीत आलेल्या आमच्या घराण्याची सात पिढ्यांची मराठी त्या रकान्यात संपली. ती कोणी पुसली नाही. आम्हीच, सौजन्य म्हणून, पुसू दिली.

हिंदीविषयी आमच्या मनात किंतु नाही. तिने आम्हांला पोट दिले, मित्र दिले. उलट आमच्या माळवी शेजाऱ्यांची कथा आमच्याहून कठीण. त्यांनी मातृभाषा माळवी म्हणून आग्रहाने सांगितली तरी जनगणनेच्या तक्त्यात ती हिंदीच्याच पोटात धरली जाते. आम्हांला निदान वेगळा रकाना होता. पुण्यामुंबईच्या लोकांस आमची मराठी ही मोठ्या नकाशाची उत्तरेकडील कड वाटते, यात त्यांचा दोष नाही. तिकडे मराठी सुखरूप आहे. इकडे थोडी झिजली तर ते स्वाभाविकच, असे त्यांस वाटते. पण येथे ‘दक्षिणी’ आणि तेथे ‘इंदूरकर’ म्हणवून घेत, आजीच्या तोंडची क्रियापदे आणि बाजारातील नामे एकत्र नांदवीत जी भाषा आमच्या स्वयंपाकघरांत घडली, ती पुण्यात शिल्लक नाही. ग्वाल्हेरची ग्वाल्हेरातच आहे, बडोद्याची बडोद्यात. ती गेली तर कड जाणार नाही. ती अवघीच जाईल.

परतीपूर्वी एका रविवारी लेक आणि नात आम्हांला साउथ माउंटनवर घेऊन गेल्या. वुडरॅटच्या कपारीपाशी जाऊन त्यास त्रास देऊ नये, म्हणून आम्ही वाटेवरच थांबलो. समोर दगडांचा मोठा उतार होता, त्यावर ओकची तांबूस पाने पडत होती. प्राणी अर्थातच दिसला नाही. पण सारेच ओस आहे असे नव्हे. पेनसिल्व्हेनियाने या प्राण्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातले आहे. इंडियानात पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी रॅकूनना जंताचे औषध घातलेले आमिष चारले, दुसरीकडचे वुडरॅट आणून क्षीण वसाहतींत सोडले, आणि तेथील संख्या सावरली. म्हणजे मोजले, ओळखले, मनावर घेतले, तर काही करता येते.

नातीने विचारले, ‘आजी, याला मराठीत काय म्हणतात?’ आमच्यापाशी शब्द नव्हता. तिचा प्रश्न मात्र मराठीत होता, हे आमच्या थोडे उशिराच लक्षात आले.

२०२१ ची जनगणना लांबली; २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली. प्रगणक दारात येतील तेव्हा त्यांचे स्वागत आम्ही पूर्वीप्रमाणेच करू. फक्त चहा या खेपेस रकाना भरून झाल्यावर ठेवू.